एका माणसाचं सांडपाणी

सहानाची नोकरी नेमकी काय, हे म्हैसूरच्या विजयनगरात कुणालाच धड सांगता येत नसे. वडील खंडोजीराव म्हणत, "सायंटिस्ट आहे." आई वनजाबाई म्हणे, "पाण्याचं काहीतरी बघते." दोन्ही खरं होतं. सहाना म्हैसूरच्या गटारात नळी सोडून शहर काय पितं, काय ओढतं आणि काय गिळतं, ते मोजायची.

यामागचं शास्त्र साधं आहे. माणूस तोंडानं खोटं बोलू शकतो, मूत्रपिंडाला ती सोय नाही. गटारात नळी सोडण्याआधी तिच्या प्रकल्पानं घरोघर चौदाशे फॉर्म भरून घेतले होते. त्या फॉर्मांवरून शहरात सिगरेट ओढणारे एकोणीस निघाले, तेही सगळे परगावचे पाहुणे. दारू कुणीच पीत नव्हतं. एका गृहस्थांनी गांजा कुठल्या गल्लीत, किती वाजता, काय दरानं मिळतो ते पाठपोट लिहून खाली सही केली होती की, आपला या विषयाशी संबंध नाही. खंडोजीरावांनी तर घरातल्या तिघांचा फॉर्म स्वतःच भरला आणि प्रत्येक रकान्यात 'निरंक' लिहिलं. कडकोळच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस. निरंक लिहिताना त्यांचा हात फार सुंदर चालायचा.

शेवटी प्रकल्पप्रमुख पवनकुमार सरांनी फॉर्म रद्दीत घातले आणि मशीन घेतलं. रस्त्याखालच्या गटाराचं, म्हणजे यूजीडीचं झाकण उचलायचं, नळी आत सोडायची, की दर पंधरा मिनिटांनी मशीन घोटभर पाणी ओढून बर्फातल्या त्या त्या तासाच्या बाटलीत टाकतं. चोवीस तासांनी बाटल्या लॅबला. गोळी नुसती टाकून दिलेली आहे की माणसाच्या पोटातून गेलेली, इतकंसुद्धा लॅबला कळतं.

मशीनचे निम्मे पैसे एका व्यसनमुक्ती ट्रस्टनं दिले होते. बदल्यात ट्रस्टला एखादी वसाहत 'व्यसनमुक्त लेआउट' म्हणून निवडून तिथं निळा बोर्ड लावायचा होता. ट्रस्ट तीनच रकाने बघणार: दारू, तंबाखू, अमली पदार्थ. बाकी रकाने प्रकल्पाच्या अभ्यासासाठी. मेडिकलमध्ये चिठ्ठीवर मिळतं ते औषध, आणि औषध म्हणजे व्यसन नव्हे, असं ट्रस्टच्या माहितीपत्रकात ठळक छापलं होतं.

या कामाचा एक नियम आहे. पाच हजारांपेक्षा कमी माणसांचं पाणी एकत्र मोजायचं नाही. नाहीतर कुणाचं काय ते ओळखू येतं. सहानानं तो सरांना दाखवला. सर म्हणाले, "बोर्ड लेआउटलाच लागतो, पाच हजार माणसांना कुठं अडकवणार?" नियम फाइलला लावला गेला.

खंडोजीराव ज्या लेआउटचे अध्यक्ष होते, त्यात बेचाळीस घरं आणि एकशे ऐंशी माणसं होती.

"तुमची ती मशीन आमच्याकडं बुधवारी की गुरुवारी?" त्यांनी एका सकाळी तिंडीच्या, म्हणजे नाश्त्याच्या वेळी विचारलं.

"गुरुवारी सहापास्नं शुक्रवारी सहापर्यंत. का आप्पा?"

"सुम्ने, सहज विचारलं गं. अध्यक्षाला माहीत नको?"

आणि ती बोलून गेली. पुढं जे झालं त्यातली तिची पहिली चूक ही, डोशाबरोबर झालेली.

रविवारी असोसिएशनची सभा भरली. विषय एकच: गुरुवारी पहाटे सगळ्या लेआउटनं कृष्णराजनगरला कावेरीकाठच्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, सहकुटुंब सहलीला जाणं, तिथंच मुक्काम, शुक्रवारी जेवून परत. भर आठवड्यात सहल का, मुलांच्या शाळेचं काय, असलं एकानंही विचारलं नाही. ठराव सात मिनिटांत एकमतानं मंजूर झाला. याआधी असोसिएशनचं एकमत फक्त एकदा झालं होतं, भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत. सेक्रेटरी गुंडुराव तर म्हणाले की दोन मुक्काम करू, एका दिवसात सगळं बाहेर पडेलच असं नाही. मग इकडंतिकडं बघून म्हणाले, "थकवा म्हणतोय मी."

"आप्पा, ही चीटिंग आहे," सहाना घरी म्हणाली.

"सहलीला जाणं चीटिंग?"

"कुणी काही घेतच नाही, तर गाव रिकामं कशाला करताय?"

"आपल्या लेआउटात तसं कोणी नाहीच. पण पाहुणेपै येतात. रिस्क कशाला?" खंडोजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. घोडा गेला, पण हुकूम सोडायची सवय घरात राहिली होती. "आणि तुझी आई राहील इथं. एक तरी घर उघडं पाहिजे, नाहीतर चोरांना कळेल. ती साधी सुपारी खात नाही, गटाराला काय कळणार?"

वनजाबाई स्वैपाकघरातून म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतात हो, मी येणार नव्हतेच." त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

सहानाला सरांना फोन करता आला असता. केला नाही. शून्य येईल, आप्पांना बोर्ड मिळेल, कुणाचं काय जातंय, असा विचार तिनं केला. ही दुसरी चूक.

गुरुवारी पहाटे चार बसेस भरून लेआउट निघून गेलं. गुंडुरावांची बॅग चढवताना आत बाटल्या एकमेकींना लागल्या. ते म्हणाले, "गंगाजल." बाकी एक्केचाळीस घरांच्या किल्ल्या वनजाबाईंकडे ठेवल्या होत्या, झाडांना पाणी घालायला. त्या दिवसभर गुडघे धरून घराघरात झारी घेऊन फिरल्या. सहाना छत्री लावून झाकणाशेजारी बसली होती. मोजणाऱ्यानं मोजायच्या पाण्यात भर घालायची नसते, म्हणून ती दिवसभर पेट्रोल पंपावर जात होती. आई दोनदा कॉफी घेऊन आली. मशीन दर पंधरा मिनिटांनी आवंढा गिळल्यासारखा आवाज करी. त्या आवाजाला आई एकदा हसली आणि म्हणाली, "बिचारं. याला काय काय प्यायला लागतं गं."

निकाल पुढल्या आठवड्यात आला. दारू शून्य, तंबाखू शून्य, गांजा आणि बाकी मंडळी शून्य. ट्रस्टनं त्याच दिवशी बोर्डाची ऑर्डर दिली.

सहाना उरलेले रकाने बघत बसली. एका भागात खरोखर किती माणसं आहेत ते कॉफीवरून काढायची प्रकल्पाची पद्धत होती. म्हैसूरला ती चांगली लागू पडायची. त्या गणितानं गुरुवारी लेआउटची लोकसंख्या एक पूर्णांक चार दशांश आली. आई कॉफी जरा जास्तच पिते.

त्याखालच्या ओळीत अल्प्राझोलाम होतं. झोपेची, मन शांत करायची गोळी. माणसाच्या पोटातून गेलेलं. आकडा क्षुल्लक होता: माणशी दिवसाला एका गोळीचा विसावा भाग. अहवाल वाचणारा कुणीही त्यावर न थबकता पुढं गेला असता. पण तो एकशे ऐंशींनी भागलेला होता. सहानानं भागाकार उलटा केला. नऊ आले. तिनं पुन्हा केला. गणिताची वाईट गोष्ट ही की ते दुसऱ्यांदाही तेच येतं.

आप्पा असोसिएशनच्या मीटिंगला गेले होते तेव्हा तिनं आईला गाठलं. आई घेवड्याच्या शेंगा सोलत होती.

"आई, तू झोपेच्या गोळ्या घेतेस?"

वनजाबाईंनी हातातली शेंग पूर्ण सोलली. "तुझ्या मशीनला कळलं?"

"हो."

"किती म्हणते ती?"

"नऊ."

"दहा," आई म्हणाली. "एक घरंगळून फ्रीजखाली गेली त्या दिवशी. मग दुसरी काढायला उठले नाही. चांगली आहे गं मशीन."

सहाना शेजारी खाली बसली. "कधीपास्नं?"

"गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा. डॉक्टरनं पंधरा दिवस लिहून दिल्या होत्या, रात्री एक. बारा वर्षं झाली. चिठ्ठी फाटायला लागली, तेव्हा लॅमिनेट करून घेतली."

"लॅमिनेट?"

"मग काय करू? मेडिकलवाल्यानंच सांगितलं, अम्मा, हिला प्लॅस्टिक घाला, अजून वीस वर्षं चालेल." तिनं शेंगांचा ढीग पुढं ओढला. "आधी एक पुरायची. मग दोन. आप्पा रिटायर झाले त्या वर्षी सहा. दिवसभर घरात असतात, अल्वा, नाही का? वाईट नाहीत गं ते. बोलतात फक्त."

"कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही. तो फॉर्म आला होता, त्यात होता प्रश्न. मी चष्मा शोधेपर्यंत आप्पांनी भरून टाकला." सोललेले दाणे ती हातानं सपाट करत राहिली. "बारा वर्षांत किती घेतेस म्हणून पहिल्यांदा विचारलं ते गटारानं. बिडु, जाऊ दे. मला सोडायच्या आहेत सहाना. एकदा सोडून बघितल्या. तिसऱ्या दिवशी भिंत हलायला लागली."

"एकदम सोडायच्या नसतात. फीट येते, माणूस जातो त्यात. डॉक्टरला दाखवून थोड्या थोड्या कमी करायच्या. पुढच्या गुरुवारची अपॉइंटमेंट घेते मी. तोपर्यंत आहे तेवढ्या घेत राहा, एकही कमी करू नको."

"आयतु, ठीक. पण आप्पांना सांगू नको. ते एका दिवसात सोडवतील."

आईचं हे वाक्य सहानाला कळलं होतं. म्हणूनच तिची तिसरी चूक जास्त लागते. ती प्रामाणिकपणाची होती.

आईचा आकडा अहवालात जायला नको, म्हणून तिनं सरांना टिपण दिलं: नमुन्याच्या दिवशी लेआउट रिकामं होतं, जवळजवळ कोणीच हजर नव्हतं, सबब निकाल रद्द करावा. नाव लिहिलं नाही, घर लिहिलं नाही. सरांनी टिपण वाचलं आणि सरळ माणसं करतात तेच केलं. खात्री करायला अध्यक्षांना फोन लावला.

"अध्यक्षसाहेब, गुरुवारी लेआउटात एकही माणूस नव्हता का?"

"छे छे, असं कसं? माझी मिसेस होती," खंडोजीराव म्हणाले. पाणी रिकाम्या गावाचं ठरून बोर्ड जाईल, अशी त्यांना भीती वाटली असावी.

"फक्त त्या?"

"फक्त तीच."

सरांनी फोन ठेवण्याआधी अभिनंदन केलं. जगात आजवर कुठल्याही प्रकल्पाला एका माणसाचं संपूर्ण चोवीस तासांचं सांडपाणी सार्वजनिक गटारातून मिळालेलं नाही, असं त्यांना वाटत होतं. त्या भरात त्यांनी खंडोजीरावांना अल्प्राझोलामचा आकडासुद्धा सांगितला, दशांशासहित. मग सहानाला बोलावून म्हणाले, "रद्द कशाला करतेस? एकाच माणसाचं पाणी, हे सोनं आहे. सोमवार-मंगळवार बेंगळूरुला परिषद आहे, तू मांड."

"सर, ती माझी आई आहे."

"नाव कुठं घेतोय आपण? 'व्यक्ती क्रमांक एक' म्हण."

आप्पांना फोन केल्याचं सर बोलले नाहीत. त्यांच्या मते ते निरोप देण्यासारखं किरकोळ काम होतं. सहाना गेली. पगार सर देत होते, आणि गुरुवार अजून लांब होता.

सोमवारी सकाळी तिची बस मंड्याच्या पुढं गेली असेल, तेव्हा खंडोजीरावांनी कपाट उघडलं. साड्यांखालच्या पाकिटातल्या सगळ्या पट्ट्या काढल्या. एकेक गोळी अंगठ्यानं दाबून संडासात पाडली आणि तीनदा पाणी ओढलं. लॅमिनेट केलेली चिठ्ठी कात्रीनं कापली. ती कापायला त्यांना बराच जोर लावावा लागला. मेडिकलवाल्याला जाऊन दम दिला. मग बायकोसमोर येऊन बसले.

"माझ्याच घरात," ते म्हणाले. "मी तुला काय कमी केलं होतं?"

दोन दिवस वनजाबाईंनी थरथरत्या हातांनी स्वैपाक केला, आणि तो खारट झाला म्हणून बोलणीही ऐकली. मंगळवारी रात्री सहानाचा फोन आला तेव्हा म्हणाल्या, "बरी आहे. तुझं झालं का भाषण?"

झालं होतं. दोनशे माणसांसमोर सहानानं पडद्यावर आईची चोवीस तासांची रेघ दाखवली होती. कधी वर चढते, कधी उतरते, किती स्थिर आहे. टाळ्या पडल्या. एका वृद्ध प्राध्यापकांनी विचारलं होतं, "या व्यक्तीला पुढं फॉलो करणार आहात का?"

बुधवारी सकाळी सहा वाजता आप्पांचा फोन आला. आईला गॅससमोर फीट आली होती, दुसरी गाडीत आली.

सहाना बस स्टँडवरून थेट हॉस्पिटलात पोचली. कॅज्युअल्टीची डॉक्टर, चैत्रा नावाची, तिच्याच वयाची होती, आणि फार वेळ झोपलेली नसावी. आईच्या तोंडावर मास्क होता. डॉक्टर खंडोजीरावांना विचारत होती, "या कुठल्या गोळ्या घेतात का? नीट सांगा. त्याच्यावर डोस ठरतो."

"कधीतरी एखादी," खंडोजीराव म्हणाले. "डोकंबिकं दुखलं तर."

"अल्प्राझोलाम," सहाना म्हणाली. "रोज दहा. बारा वर्षं. कधी बंद झाल्या?"

तिनं वडिलांकडं पाहिलं आणि तिला कळलं, आप्पांनी गोळ्या टाकून दिल्या होत्या.

"दहा?" डॉक्टरनं पेन थांबवलं. "कशावरून?"

सहानानं बॅगेतून अहवाल काढला. त्यावर प्रकल्पाचा शिक्का होता, ट्रस्टचा शिक्का होता, आणि माणशी गोळीचा विसावा भाग असं स्पष्ट लिहिलं होतं. डॉक्टरनं तो वाचून परत दिला. त्या कागदापुरतं बघायचं तर आईला गोळ्यांचा वासही लागला नव्हता.

"आप्पा," सहाना म्हणाली, "टाकलेल्या किती होत्या? मेडिकलवाला कधी देतो, किती देतो, त्यावरून रोजच्या किती ते काढता येईल. किती होत्या तेवढं सांगा."

एकतीस वर्षं या माणसानं नट-बोल्टसुद्धा मोजल्याशिवाय हातावेगळे केले नव्हते. लग्नाच्या पंगतीत ते केळीची पानं मोजत. खंडोजीरावांनी दारातून बाहेर पाहिलं. असोसिएशनची माणसं यायला लागली होती. गुंडुराव सगळ्यात पुढं होते.

"मोजल्या नाहीत," ते म्हणाले.

डॉक्टरनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "घरचे लोक नेहमी कमी सांगतात," ती सहानाला म्हणाली. "जास्त सांगून कुणाला काय मिळणार? दहा धरते. आजची रात्र महत्त्वाची आहे." तिनं लिहिलं आणि नर्सला हाक मारली. खंडोजीराव बाहेर गेले. दारापलीकडून त्यांचा आवाज आला, "बीपी लो झालं. आता ओके."

संध्याकाळपर्यंत आईच्या हाताची थरथर थोडी उतरली. डोळे उघडले, पण ती कुणाला ओळखत होती की नाही, ते कळेना. डॉक्टर म्हणाली, उद्या बघू.

भेटीच्या वेळेला लेआउटच्या बायका आल्या. सहाना बाहेरच्या बाकावर बसली होती. सगळ्याजणी आधी काचेतून डोकावल्या, हळहळल्या, मोसंबी ठेवून निघाल्या. मग कोपऱ्यावरच्या घरातल्या गंगाबाई एकट्या मागं फिरल्या आणि तिच्याजवळ येऊन बसल्या. त्यांचं घराणं रंगाऱ्याचं, घरात मराठीच.

"बीपी नाही गं हे," त्या हळू म्हणाल्या. "ती पांढरी छोटी गोळी ना?"

सहाना त्यांच्याकडं वळून बसली.

"मी दोनच घेते. दोननं असं काही होत नाही ना?"

"एकदम बंद करू नका, गंगाक्का. डॉक्टरला विचारून कमी करा."

"बंद कशाला करू? बोर्ड लागलाय आता. कोण विचारतंय?" त्यांनी पदर सारखा केला आणि उठल्या. "कुणाला सांगू नको हं."

त्या जिन्यापर्यंत गेल्या नाहीत तोच सुमित्राबाई आल्या. त्यांची एकच होती, पण आठ वर्षांची. त्यानंतर गुंडुरावांची सून, तिची अर्धी. तीही बसली, तिनंही इकडंतिकडं पाहिलं. साडेसहापर्यंत सातजणी झाल्या. चौदाशे फॉर्म आणि पाच लाखांचं मशीन यांना जे जमलं नव्हतं, ते एका लाकडी बाकानं अर्ध्या तासात केलं.

सहानाच्या बॅगेत वही होती, पेनही होतं. तिनं ते काढलं नाही. आठवी बाई काचेपाशी उभी राहून तिच्याकडं बघत होती, बाक रिकामा होण्याची वाट पाहत. सहाना थोडी सरकली आणि तिला जागा करून दिली.